गरोदरपण, नशा आणि कडेवरचं मूल: गोव्यातल्या घरांतून येणारे प्रश्न

मी व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशन करते. माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक पेडणे, डिचोली, सत्तरी आणि फोंडा या बाजूची. नवऱ्याला बायको घेऊन येते, मुलाला आई घेऊन येते. व्यसन जडलेल्या बाईला मात्र सहसा कोणी आणत नाही, आणि ती गरोदर असली तर घरचे आधी दार लावून घेतात. तिच्याबद्दलचे प्रश्न फोनवर येतात, आणि बहुधा "मैत्रिणीसाठी विचारते" असं म्हणून येतात. खाली त्यांतले नेहमीचे प्रश्न घेतले आहेत. कोणाची ओळख पटेल असा तपशील ठेवलेला नाही. औषधांचे डोसही मुद्दाम दिलेले नाहीत. ते बाईला तपासून डॉक्टरांनीच ठरवायचे असतात.

आपल्याकडे बायका खरंच नशा करतात? हे किनाऱ्यावरच्या पर्यटकांचं प्रकरण नाही का?

नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२० च्या फेरीत गोव्यातल्या १५ वर्षांवरच्या ५.५ टक्के बायकांनी आपण दारू पितो असं सांगितलं. घरी आलेल्या अनोळखी माणसाला हे कबूल करणाऱ्या एवढ्या, तर न करणाऱ्या किती असतील याचा विचार करा. आणि ही फक्त दारू झाली. माझ्या कामात जास्त दिसतात त्या झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या. कंबरदुखीसाठी किंवा बाळंतपणानंतर झोप लागत नाही म्हणून सुरू झालेल्या, आणि मग सुटतच नाहीत. गांजा आणि ब्राउन शुगरही आहे. किनारपट्टीवर हॉटेलांत, शॅकवर, पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलींपर्यंत रासायनिक ड्रग्जही पोचली आहेत.

गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत दारूच्या समस्येवर समुपदेशनाचा जो मोठा अभ्यास झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला, तो फक्त पुरुषांवर होता. अभ्यास उत्तम होता, पण बायका त्यात नव्हत्या. व्यसनी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो, आणि सेवाही त्याच्याच मापाने उभ्या राहतात.

दिवस गेल्याचं आजच कळलं. आजपासून सगळं एकदम बंद करू का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. काय घेता यावर उत्तर अवलंबून आहे, म्हणून नीट वाचा.

रोज दारू पीत असाल आणि सकाळी हात थरथरत असतील, तर घरी एकदम बंद करू नका. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत घाम, थरथर, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो. आईला फिट आली की बाळाचाही प्राणवायू कमी पडतो. दारू सुटायलाच हवी, गरोदरपणात तिचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. पण ती इस्पितळात दाखल होऊन, थोडे दिवस औषधाच्या आधाराने सोडायची. तिथे थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वातला एक घटक, दिला जातो. बरेच दिवस पिऊन नीट न जेवलेल्या बाईच्या मेंदूसाठी तो फार महत्त्वाचा.

अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या रोज घेत असाल तर त्याही झटक्यात थांबवायच्या नाहीत. डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात.

ब्राउन शुगर, कोडीन, ट्रामाडॉल, म्हणजे अफूच्या जातीची नशा असेल, तर अचानक बंद केल्यावर अंग मोडून येतं, पोटात मुरडा येतो, गर्भाशयही आकुंचन पावू शकतं. त्यातून गर्भपात किंवा वेळेआधी प्रसूती होण्याची भीती असते. आणखी एक गोष्ट: अशी सक्तीने सोडलेली बाई काही दिवसांत पुन्हा घेते, आणि तेव्हा शरीराची सवय गेलेली असल्यामुळे जुनाच डोस जीवघेणा ठरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा गरोदर बायकांना नशा एकदम तोडण्याऐवजी मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन या औषधांवर स्थिर ठेवावं असं सांगितलं आहे.

तंबाखू, मशेरी, गुटखा, गांजा आजपासून बंद करायला हरकत नाही. चिडचिड होईल, झोप उडेल, पण जिवाला धोका नाही. कोकेन किंवा एमडीएमएसारखी उत्तेजक ड्रग्जही थांबवलीच पाहिजेत. कोकेनमुळे वार आधीच सुटून जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. ही ड्रग्ज थांबवल्यावर मन फार खचतं, म्हणून पहिल्या दिवसांत एकटीने राहू नका.

एक नशा सोडवून दुसरी गोळी सुरू करायची, मग फरक काय पडला?

हे सासरची मंडळी विचारतात, आणि कधी कधी डॉक्टरही. फरक असा: ब्राउन शुगर दिवसातून तीन-चार वेळा चढते आणि उतरते, आणि प्रत्येक वेळी आईबरोबर पोटातलं बाळही त्या हेलकाव्यातून जातं. बुप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवायची गोळी आहे. तिचा परिणाम बराच वेळ सारखा राहतो. बाई जेवते, झोपते, तपासणीला येते. पैशांसाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. सुई थांबते, म्हणजे एचआयव्ही आणि कावीळ ब, क यांचा धोका कमी होतो.

पोट वाढलं की गोळी पुरेनाशी होते, कारण शरीरात रक्ताचं आणि पाण्याचं प्रमाण वाढतं. मग डोस वाढवावा किंवा विभागून द्यावा लागतो. याला "व्यसन वाढलं" म्हणू नका. घरचे लोक नेमके इथेच चिडतात आणि गोळी लपवतात. सातव्या महिन्यात गोळी लपवली म्हणून बाई पुन्हा पुडीकडे गेली, असं मी पाहिलं आहे.

सून ऐकत नाही. तिला न सांगता जेवणात दारू सोडवायचं औषध घातलं तर?

नका घालू. जाहिरातीतली "बिनवासाची, बिनचवीची" पावडर म्हणजे पुष्कळदा डायसल्फिराम असतं. त्यावर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते. धडधाकट पुरुषही त्याने दगावू शकतो. गरोदर बाईला हे औषध देऊच नये असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. आई, तुमची काळजी खरी आहे. पण चोरून दिलेलं औषध कळलं की सून तुमच्या हातचं पाणीही प्यायची नाही, आणि पुढच्या सात महिन्यांत तिला तुमच्याच हातचं जेवायचं आहे.

डॉक्टरांना खरं सांगितलं तर ते पोलिसांना कळवतील?

गरोदर बाई नशा करते एवढ्यावरून पोलिसांना कळवण्याचं बंधन कायद्याने डॉक्टरांवर नाही. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि दारू-ड्रग्जशी जोडलेल्या मानसिक अवस्था त्या कायद्यात येतात.

अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. त्यात सेवनाला शिक्षा आहे हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम ६४अ सांगतं की व्यसनी व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचाराला गेली आणि उपचार पुरे केले, तर सेवनाबद्दल किंवा अगदी थोडा साठा जवळ असल्याबद्दल तिच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. विक्रीच्या गुन्ह्याला ते लागू नाही. अगोदरच केस सुरू असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो.

दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असू द्या. ओव्हरडोस होऊन बेशुद्ध अवस्थेत आणलं तर मेडिको-लीगल नोंद, म्हणजे पोलिसांपर्यंत जाणारी नोंद, होऊ शकते. आणि मुलगी १८ वर्षांखालची असेल तर गरोदरपणाची माहिती मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली पोलिसांना द्यावीच लागते. म्हणून तिला लपवून ठेवायचं असा अर्थ नाही. सोबत बाल कल्याण समितीची किंवा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनची मदत आधीच घ्यायची.

माझं मूल काढून घेतील. घरी दोन वर्षांची मुलगी आहे, मी दाखल कशी होऊ?

या एका भीतीपायी बायका आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाहीत. नशेने जेवढं नुकसान होतं, त्याहून अधिक मला या उशिराने झालेलं दिसतं: सोनोग्राफी नाही, लोहाच्या गोळ्या नाहीत, रक्त तपासलेलं नाही.

कायदा इथे आईच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २१ सांगतं की मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या बाईच्या तीन वर्षांखालच्या मुलाला साधारणपणे तिच्यापासून वेगळं करू नये. मुलाला धोका आहे असं मानसोपचारतज्ज्ञांचं मत असेल तर तात्पुरतं वेगळं करता येतं, पण तेव्हाही देखरेखीखाली भेट द्यावी लागते, दर १५ दिवसांनी निर्णय तपासावा लागतो, आणि सलग ३० दिवसांवर वेगळं ठेवायचं तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते. हे कलम पुष्कळ ठिकाणी कर्मचाऱ्यांनाच माहीत नसतं. "इथे लेकरू ठेवायची सोय नाही" असं सांगितलं गेलं तर कलमाचं नाव घ्या आणि नकार लेखी मागा.

खरं सांगायचं तर खाट, पाळणा, दुधाची सोय असलेली जागा मिळणं कठीणच आहे. बहुतेक खासगी व्यसनमुक्ती केंद्रं पुरुषांसाठी बांधलेली. गोव्यासारख्या छोट्या राज्यात आई-मुलांसाठी चार खाटा वेगळ्या काढणं काही अशक्य नाही, आणि ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे. तोवर मावशी, आजी, बहीण यांच्यापैकी कोणाकडे मूल राहील, रोज भेटायला कोण आणेल, हे दाखल होण्याआधीच ठरवून कागदावर लिहून ठेवा.

जायचं कुठे?

पहिलं दार तुमच्या जवळचं प्राथमिक किंवा सामुदायिक आरोग्य केंद्र. गरोदरपणाची नोंद तिथे करा. एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ब या तपासण्या सगळ्याच गरोदर बायकांच्या होतात, तुमच्यावर संशय म्हणून नव्हे. नशेच्या उपचारासाठी बांबोळीला मनोविकार संस्था आहे, आयपीएचबी म्हणून ओळखली जाते ती. तिच्या हाकेच्या अंतरावर गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ. तिथे प्रसूती विभाग आणि नवजात बाळांचा विभाग आहे. दोन्ही एकाच टेकडीवर असणं ही गोव्याची मोठी जमेची बाजू आहे. एका विभागाचा कागद दुसऱ्या विभागात स्वतः दाखवा, दोघांना एकमेकांचं औषध माहीत हवं. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतूनही सुरुवात करता येते.

वाळपईहून किंवा पेडण्याहून बांबोळीला यायचं म्हणजे बस बदलत अख्खा दिवस जातो, रोजंदारी बुडते. दोन्ही विभागांच्या तारखा एकाच दिवशी मागून घ्या. मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

खासगी केंद्र निवडत असाल तर नोंदणी विचारा, गरोदर बाई घेतात का विचारा, रात्री डॉक्टर असतो का विचारा. कोंडून ठेवणं, मारहाण, घरच्यांना भेटू न देणं म्हणजे उपचार नव्हे.

प्रसूतीच्या खोलीत काय सांगायला विसरू नये?

बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू असल्याचं, अगदी दारातच. ते औषध कळांमध्येही चालूच ठेवायचं असतं. त्याने कळांचं दुखणं थांबत नाही. वेदनाशामक वेगळं लागतं, आणि तुम्हाला ते मागायचा इतरांइतकाच अधिकार आहे. पेंटाझोसिन हे आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं इंजेक्शन मात्र तुम्हाला चालणार नाही, त्याने नशा उतरल्याचा त्रास एकदम उसळतो. "पेंटाझोसिन देऊ नये" असं कागदावर मराठीत आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानाला टाचणीने लावा. कळा येत असताना कोणाला आठवत नाही.

बाळ व्यसनी जन्माला येतं का?

नाही. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही ओढीने घेत राहणं. तान्ह्याला ते शक्यच नाही. त्याच्या शरीराला पोटात असताना औषधाची सवय झालेली असते आणि नाळ कापल्यावर ते तुटतं. अफूच्या जातीच्या पदार्थांत हा त्रास बहुधा पहिल्या ७२ तासांत दिसतो. बाळ किंचाळल्यासारखं चिरक्या आवाजात रडतं. हनुवटी आणि हात थरथरतात. एकामागून एक शिंका येतात, पातळ शी होते, आणि भूक असूनही स्तन नीट धरता येत नाही: तोंड लावतं, सोडतं, पुन्हा रडतं. म्हणून अशा बाळाला दुसऱ्या दिवशी घरी नेऊ नका. चार ते सात दिवस इस्पितळात नजरेखाली राहू द्या.

पहिला उपचार आईच्या हातात आहे. उघड्या छातीवर बाळ घेणं, मऊ कापडात गुंडाळणं, उजेड आणि आवाज कमी ठेवणं, थोडं थोडं पण वारंवार पाजणं. आई बाळाजवळच राहिली तर औषधाची गरज कमी पडते. एका आईला आजूबाजूच्या खाटांवरून "हिच्यामुळेच रडतंय" असं ऐकवलं गेलं. ती दोन तास बाळाला हातच लावेना. शेवटी नर्सने तिचं पोलकं सैल करून बाळ तिच्या छातीवर ठेवलं, वर चादर घातली आणि बाजूच्या खाटांचा पडदा ओढून घेतला. बाळाचं रडणं लगेच थांबलं नाही, पण आईने त्याला खाली ठेवलं नाही. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर थेंबांनी औषध देतात आणि हळूहळू कमी करतात.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात बुप्रेनॉर्फिनवरच्या आईच्या बाळांना मेथाडोनवरच्या आईच्या बाळांपेक्षा कमी मॉर्फिन लागलं आणि इस्पितळातला मुक्कामही कमी झाला. मेथाडोनवर ठीक असलेल्या बाईने मात्र गरोदरपणात औषध बदलायची घाई करू नये.

दारूचं वेगळं आहे. तिचा परिणाम मेंदूच्या घडणीवरच होतो आणि तो आयुष्यभर राहतो: वाढ कमी, शिकण्यात अडचण, एका जागी लक्ष न टिकणं. पाचव्या महिन्यात थांबलात तरी उरलेल्या महिन्यांचा फायदा बाळाला मिळतोच. "आता काय उपयोग" असं म्हणू नका.

अंगावर पाजू का?

बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर स्थिर असाल, वरून काही घेत नसाल, तर हो, पाजा. दुधात औषध अगदी थोडं उतरतं. ब्राउन शुगर, कोकेन, गांजा किंवा रोजची दारू चालू असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. एचआयव्ही असेल तर औषधं कोणती आणि किती नियमित चालू आहेत ते पाहून केंद्रात सल्ला घ्या. कावीळ ब असली तरी बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत लस आणि प्रतिपिंडांचं इंजेक्शन मिळालं तर पाजता येतं.

एक सक्त नियम: दारू किंवा झोपेची गोळी घेतलेल्या माणसाने बाळाला कुशीत घेऊन झोपायचं नाही. आईने नाही, बापानेही नाही.

बाळंतिणीला थोडी ब्रँडी, बाळाला सर्दीत फेणीचा थेंब, हे तर पूर्वीपासून चालतं…

चालतं म्हणून योग्य होत नाही. नुकत्याच दारू सोडलेल्या बाळंतिणीला प्रेमाने दिलेला चमचा तिला थेट जुन्या जागी नेतो. बाळाला तर तोंडात, हिरड्यांना, कुठेही नाही. रडणाऱ्या बाळाला झोपेचं किंवा खोकल्याचं औषध पाजून निजवणंही नाही.

घरातल्या मोठ्या मुलाला काय सांगायचं?

खरं, पण त्याच्या वयाचं. "आईला आजार आहे, ती औषध घेते, काही दिवस इस्पितळात राहणार. हे तुझ्यामुळे झालेलं नाही." शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगा, चार-पाच वर्षांची मुलं सगळा दोष स्वतःवर घेतात. मूल गुपचूप धाकट्याला सांभाळतं, जेवण लपवून ठेवतं, शाळेत झोपतं, तर बालवाडीच्या किंवा अंगणवाडीच्या बाईंना विश्वासात घ्या. अंगणवाडीत सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत पूरक आहार मिळतो, गरोदर आणि स्तनदा आईलाही मिळतो. बोलणं उशिरा, चालणं उशिरा, वजन कमी असं दिसलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या तपासणीत दाखवा.

आईच्या गोळ्या कुलुपात. बुप्रेनॉर्फिनची एक गोळी लहान मुलाचा श्वास थांबवू शकते. तांदळाच्या डब्यात, देवघराच्या मागे, उशीखाली ठेवलेली पाकिटं मुलांनाच आधी सापडतात. मूल गुंगीत गेलं, ओठ निळसर दिसले तर ताबडतोब १०८.

नवराच आणून देतो, आणि नाही म्हटलं तर मारतो.

मग एकट्या बाईवर उपचार करून भागणार नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्याच घरात राहण्याचा आदेशही मागता येतो. नवरा तयार असेल तर त्याचाही उपचार एकाच वेळी सुरू करा. तयार नसेल तर माहेरी किंवा सुरक्षित जागी जाऊन बाळंतपण उरका. त्याच्या सुधारण्याची वाट बघत पोटातले महिने घालवू नका.

बाळ झाल्यावर पुन्हा घेतली तर सगळं वाया गेलं का?

नाही, पण बाळंतपणानंतरचे महिने सर्वांत घसरणीचे असतात. गरोदरपणात बाळासाठी रोखून धरलेलं सगळं तेव्हा सुटतं, झोप नसते, घरात पाहुणे असतात. म्हापशाच्या इस्पितळात प्रसूत झालेल्या आयांवरचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के आयांना नैराश्य आढळलं. नवऱ्याची मारहाण आणि मुलगाच हवा असताना झालेली मुलगी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. म्हणून बाळाच्या लसीच्या प्रत्येक तारखेला आईचीही विचारपूस व्हायला हवी. बुप्रेनॉर्फिन बाळ झाल्याबरोबर बंद करण्याची घाई नको. घेतली गेलीच तर त्याच दिवशी केंद्रात कळवा. काही दिवस बंद असल्यावर जुना डोस घातक असतो, हे घरात प्रत्येकाला माहीत असू द्या.

फोन केला तर काय बोलू? नाव सांगावं लागेल का?

१४४४६ ही नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी, दिवसरात्र चालू. सुरुवातीला नाव न सांगताही बोलता येतं. एवढं सांगा: कितवा महिना, काय घेता, शेवटचं कधी घेतलं, आधी कधी फिट आली होती का, घरी लहान मूल आहे का. मराठीत बोलायचं आहे असं सुरुवातीलाच सांगा. रक्त जात असेल, फिट आली असेल, बाळाची हालचाल थांबली असेल तर या नंबरांवर वेळ न घालवता १०८.